बागेच्या जागेवर थिएटर

सोलापूर, गुरुवार संध्याकाळ, १९२९

आज बोललेच मी. तलावाकाठची बागेसाठी राखलेली जागा आपल्या नव्या सिनेमा थिएटरला मिळावी, म्हणून कापसाचे व्यापारी शेटजी आमच्याकडे आले होते. आमचे हे म्युनिसिपालिटीचे मेंबर, नुसते मान डोलावत होते. मी चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

"बाग कुणाला हवीय, वहिनी?" शेटजी हसले.

त्या हसण्यानंच डोकं फिरलं. म्हटलं, "मला हवीय. शेजारच्या नरसम्माला हवीय. हातमागाच्या खोलीत तिची लेक दिवसभर खोकते. तिला मोकळी हवा तुमच्या थिएटरात मिळणार का?"

शेटजी चहा न घेताच गेले. हे संतापले, "माझी अब्रू घालवलीस!" घालवली का? मला नाही वाटत. ते हसणं मात्र अजून कानात आहे.

तशीच उठून नरसम्माकडे गेले, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमी सगळ्याजणी येतो की, अक्का. कुटं यायचं तेवडं सांगा."

उद्या ह्या जागेसाठी म्युनिसिपालिटीची सभा आहे. आत घेतलं नाही तर दारात बसू. ह्यांना होकाराचा हात वर करायचाच असेल, तर आमच्या डोळ्यांदेखत करू देत.