पाठमोरं बोलणं

प्रिय ताई,

आपण जिंकलो. आरोग्य खात्याच्या बैठकीतून आत्ताच घरी आले आणि चपलाही न काढता तुला लिहायला बसले.

बाळंतपणानंतर मनाने खचलेल्या बायकांवरच्या माझ्या संशोधनात पहिल्या वर्षी काहीच हाती लागलं नव्हतं. आमच्या आरोग्यसेविका समोर बसून विचारायच्या आणि प्रत्येक बाई म्हणायची, "सगळं छान आहे." शेजारी सासू असायची ना. मग तू आठवलीस. तुझ्या धाकट्या लेकीच्या जन्मानंतर तूही डॉक्टरांना असंच सांगायचीस. एका दुपारी मी तुझे केस विंचरायला घेतले, कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात विंचरायचे तसे, आणि भिंतीकडे बघत तू म्हणालीस, "मला बाळाला उचलायची भीती वाटते गं."

म्हणून मी सेविकांच्या हाती कंगवे दिले. नुसती वेणीफणी चाललीय म्हणून सासवा उठून कामाला लागल्या आणि बायका बोलू लागल्या. बोलल्या त्यांना उपचार मिळाले, बहुतेक जणी सावरल्या.

आज मोठे साहेब म्हणाले, "बाई, औषधांच्या यादीत कंगवे कशाला?"

"तुमच्यासाठी नाहीत, साहेब," मी म्हटलं. टकलावरून हात फिरवत ते हसले, मग निकाल नीट वाचून त्यांनी सही केली. आता प्रत्येक आरोग्य केंद्रात असंच होणार.

हे पत्र मात्र पाठवत नाही. समोरून कौतुक केलं की तू विषय बदलतेस. रविवारी मीच येते. कंगवा घेऊन येईन, तू फक्त माझ्याकडे पाठ करून बस.

तुझ्या वेण्या कायम वाकड्या घालणारी,
छोटी