फोटोखालच्या चिठ्ठ्या

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि भावोजी ठीक असाल. त्यांचा गुडघा आता जिना चढू देतोय का? माझं बरं चाललंय. स्टुडिओत ओळखपत्राच्या फोटोंची गर्दी आहे. दिवसभर "हनुवटी थोडी वर, डोळे मिटू नका" एवढंच बोलते. नळ परत गळायला लागलाय. प्रदर्शन रविवारी संपलं. फोटो उतरवून घरी आणले, पलंगाखाली ठेवलेत.

फोनवर जमलं नाही म्हणून पत्र लिहायला घेतलं, आणि नळाचं काय सांगत बसलेय!

ताई, फोटोंखालच्या तुझ्या चिठ्ठ्या डिंक सुटल्यामुळे निघाल्या नव्हत्या. तुझ्या मैत्रिणीने भिंत रिकामी पाहून तुला कळवलं, तेव्हा मी डिंकावर ढकललं. त्या मी काढल्या.

पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. लोक यायचे, फोटोवर नजर टाकायचे आणि लगेच वाकून खालची चिठ्ठी वाचायचे. हसायचे, बरोबरच्याला कोपराने ढोसायचे, "हे वाच, हे वाच." कामावरच्या माणसांच्या त्या बावीस फोटोंसाठी मी दोन वर्षांचे रविवार घातलेत गं. हवा तसा उजेड मिळावा म्हणून एकट्या घड्याळजीकडे चार खेपा घातल्या. तू आपली सोबत यायचीस, स्टुलावर बसून गप्पा मारायचीस. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका तपासणारी माझी बहीण चार-चार ओळी लिहून देते म्हणाली. मला वाटलं, बरं आहे, भिंत जरा भरलेली दिसेल.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. तुझ्या तीन चिठ्ठ्या जशाच्या तशा छापल्या होत्या आणि शेवटी एक वाक्य: "छायाचित्रेही अनुरूप आहेत." अनुरूप! कपड्यांना शोभेलशी पिशवी घ्यावी, तशी! तू फोनवर किती खूश होतीस. "आपलं नाव झालं गं, बारके!" मीही हसले. फोन ठेवला आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला.

लहानपणीही हेच व्हायचं. सहलीहून आल्यावर मी फोटो पसरायची, आणि आई म्हणायची, "ते राहू दे. ताई, तू सांग काय काय झालं." तुला आठवतही नसेल. मला तारखेसकट आठवतंय.

तर तिसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी गेले आणि बोथट सुरीने सगळ्या चिठ्ठ्या सोडवल्या. दालन सांभाळणाऱ्या बाईंना सांगितलं, "बहिणीला काही दुरुस्त्या करायच्यात." तुझ्याच नावावर खपवलं.

आणि खोटं कशाला बोलू, लोक थांबले. एक मुलगी घड्याळजीसमोर दहा मिनिटं हलली नाही. मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

दुपारी शिंप्याची बायको आली. आपण फोटो काढल्यावर पाच महिन्यांनी तो गेला, आपल्याला कळलंच नाही. पहिल्या दिवशी त्या एकट्याच येऊन गेल्या होत्या; आता नणंदेला घेऊन आल्या. फोटोखालच्या भिंतीवर हात फिरवत म्हणाल्या, "इथे लिहिलेलं होतं ना?"

"काढलंय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नणंदेकडे वळल्या आणि तुझी चिठ्ठी तोंडपाठ म्हणून दाखवली. "बायकोशी अबोला धरून अठरा दिवस झाले. आता तिचा ब्लाउज शिवायला घेतलाय. माप विचारायची सोय नाही, म्हणून अंदाजाने चाललंय."

"मग?" नणंदेने विचारलं.

"मग काय! बरोब्बर बसला."

दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नसावं.

मी फोटोकडे पाहिलं. त्याच्या बोटातल्या अंगुस्तानावर, सुई टोचू नये म्हणून घालतात त्या टोपीवर, पडलेल्या उजेडासाठी तो काढला होता मी. हातातलं कापड माझ्या लेखी नुसता काळा पट्टा. पण ताई, त्याने ते कापड लांब धरलंय, मान तिरकी केलीय, समोर कुणी उभं असावं तसा अदमास घेतोय. मीच टिपलेलं, आणि मलाच दिसलं नव्हतं.

मी घाईघाईने म्हटलं, "फोटोची एक प्रत देते तुम्हाला."

"फोटो घरी आहेत हो," त्या म्हणाल्या. "ते लिहिलेलं असेल तर द्या."

माझ्या पर्समध्ये बावीसही चिठ्ठ्या होत्या. शिंप्याची काढून त्यांच्या हातात दिली. तुला विचारलं नाही, रागावू नकोस. उरलेल्या एकवीस त्याच संध्याकाळी परत लावल्या. चार-पाच वाकड्या लागल्या.

आता मत्सर गेला असं लिहिलं, तर तू लाल शाईने खूण करशील. गेलेला नाही. काल एक प्रकाशक आले होते, प्रदर्शनाचं पुस्तक करू म्हणतात. बसल्या बसल्या त्यांनी आधी तुझा पत्ता मागितला. दिला मी. घराचा नंबर चुकीचा सांगावा असं मनात येऊन गेलं, तेही सांगून टाकते.

सोबत एक फोटो पाठवतेय. शिंप्याच्या दुकानातलाच आहे, प्रदर्शनात लावला नव्हता. तू स्टुलावर पुढे वाकून त्याचं ऐकतेयस, तोंड किंचित उघडं. तो काय सांगत होता ते मला ऐकू आलं नाही. मी उजेड मोजत होते. आजवर कुणाला दाखवला नाही, कारण मी काढलेल्या सगळ्या फोटोंत तो चांगला आहे, आणि त्यात तू आहेस.

त्याच्या खाली, मागे, कुठेही काही लिहू नकोस. एवढा एक मुका राहू दे.

अजूनही जळणारी, तरी तुझीच,
बारकी