सहावी कोयरी

१२ मार्च १९९६, मंगळवार
बमरोली

संध्याकाळपासून ती कोयरी डोळ्यांपुढून हलत नाही.

काल नरेशभाईच्या दुकानातून टीव्हीवर खेळायच्या गेमचा पाचवा भाग आणला. वर्षभरातला हा तिसरा. धाकट्या बहिणीने, सुनंदाने, पाच मिनिटांत खेळ सोडला. "दादा, हाई ते तेच शे! नुसता रंग बदलेल शे." खरंच, वाळूच्या जागी बर्फ, बाकी तेच पूल, तेच राक्षस. माझं डोकं फिरलं. आज साड्यांच्या मिलमधून सुटलो तो थेट त्याच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकांसमोर नरेशभाईला म्हणालो, "रंग बदलून तेच विकता, लोकांना येडं समजता का?" गेम काय त्या बिचाऱ्याने बनवलाय?

तेवढ्यात त्याची बायको पाणी घेऊन आली. अंगावर जांभळी साडी, काठाला तीन पानांची कोयरी. माझीच. मिलमध्ये डिझाइनं मीच काढतो, पण ही कोयरी एकदाच काढली. नंतर चार वेळा मिलच्या सेठच्या सांगण्यावरून फक्त रंग फिरवले आणि साडीला नवं नाव दिलं.

"भाई, तमारी मिलनी छे," ती कौतुकाने म्हणाली, म्हणजे तुमच्याच मिलची. घरात हिरवी आहे, निळीही आहे. नवी डिझाइन आली की घेतेच म्हणे.

तिला कोयरी ओळखू आली नाही? की आली, आणि बोलली नाही? पाण्याचा पेला तसाच ठेवून निघालो. नरेशभाईची माफी मागायला हवी होती. नाही मागितली.

घरी सुनंदाने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, दुकान बंद होतं.

उद्या तीच कोयरी गुलाबीत द्यायची आहे. नाव सेठने मलाच शोधायला सांगितलंय. दुकानातून घरी येताना वाटेत सुचलंसुद्धा.