खारूची साखर

९ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझ्या आईचं पत्र आलं. क्रेनच्या शिडीवरून उतरताना साखर एकदम खाली गेली, चक्कर आली, आणि आता तुला क्रेनवरून काढून भांडारात पत्र्याच्या गुंडाळ्या मोजायला बसवलंय, एवढं कळलं. तू कठडा धरून बसलीस, पडली नाहीस, हे मी दोनदा वाचलं. जूनमध्ये फेरतपासणी आहे म्हणे, आणि तोवर साखर ताळ्यावर आली नाही तर क्रेन कायमची गेली.

लहानपणी कपाटावर चढून बसायचीस म्हणून तुला आम्ही खारू म्हणायला लागलो. आता छताला टांगलेल्या केबिनमध्ये बसून तू टनाटनाचं लोखंड उचलतेस, हे मी वाचनालयात भेटेल त्याला ऐकवते. म्हणूनच विचारते, रागावू नकोस. चोरून गोड खातेस का गं? शाळेपासून इन्सुलिन घेणाऱ्या मुलीला मी काय शिकवणार! पण कारखान्याचे डॉक्टर म्हणतात की खाण्याला शिस्त नाही.

तुझ्या काकांचं खाणं लिहून पाठवते. सकाळी अंडी आणि एक पाव, दुपारी वाटीभर भात, त्याच्या दुप्पट भाजी, डाळ. संध्याकाळी मूठभर चणे. रात्रीचं जेवण लवकर. त्यांची साखर याने बरीच आटोक्यात होती. ते जाऊन तीन वर्षं झाली, तरी मी कुकर त्यांच्याच वेळेवर लावते. तूही असंच खाऊन बघ.

चार ओळी तरी लिही, म्हणजे जीव थाऱ्यावर येईल.
तुझी मावशी

४ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

चोरून खात नाही. एकदा विचारलंस, पुन्हा विचारू नकोस.

काकांचं खाणं मी तंतोतंत पाळलं. डबा उघडला की भांडारातली मंडळी विचारतात, कोणत्या आजोबांचा चुकून उचलून आणलास? सुरुवातीला साखर अगदी शहाण्यासारखी वागली. मी खूश. मग काय बिनसलं कळेना. तोच वाटीभर भात, तेच इंजेक्शन, आणि आकडा रोज चढलेला. घाबरून भात बंद केला, इन्सुलिन वाढवलं, तरी उतरेना. आणि मग एका सकाळी साखर अशी कोसळली की हातातली पेन्सिल गळून पडली. खिशातल्या साखरेच्या गोळ्यांनी निभावलं. वर पाळी आलेली, त्यामुळे कंबर मोडलेली ती वेगळीच. असले दिवस एकटे येतच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, एक तर तू हादडतेस, नाहीतर उपाशी राहतेस. मी म्हटलं, दोन्ही नाही. त्यांनी अशी मान हलवली, जशी लहान मुलाच्या थापेवर हलवतात. मावशी, खालून क्रेनकडे बघवत नाही. माझ्या जागी बसलेला माणूस क्रेनचा आकडा, म्हणजे हुक, हिसके देत खाली सोडतो.

तुझ्या संशयासकट तू मला हवी आहेस.
तुझी खारू

१३ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

आधी माफी. तुझ्यावर चोरीचा आळ घेतला, तो परत घेतला.

आता मुद्दा. तू कंबरेबद्दल जे जाता जाता लिहिलंस, तिथे मी अडकले. शिडीवर चक्कर आली तेव्हाही पाळी नुकतीच आली होती का? आठव. मी वाचनालयातून जाडजूड वैद्यकाचं पुस्तक काढलं, शेजारी शब्दकोश घेतला आणि बसले. ग्रंथपालबाईंना वाटलं, मला काही झालंय.

मला समजलं ते असं. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगातले हार्मोन इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. म्हणून जेवण तेच असूनही साखर चढते. पाळी आली की ते हार्मोन उतरतात आणि इन्सुलिनचा हात पुन्हा मोकळा होतो. तू चढलेल्या साखरेला घाबरून इन्सुलिन वाढवलेलं, खाणं तोडलेलं. मग कोसळणार नाही तर काय! सगळ्या बायकांचं असं होत नाही, असंही लिहिलंय. पण तुझं होत असावं.

काकांच्या खाण्यात खोट नव्हती गं. पण त्यांना पाळी कुठे येत होती! इतकी वर्षं बाई असून एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

पुस्तकावरून इंजेक्शन मात्र वरखाली करू नकोस. मधुमेहाच्या चांगल्या डॉक्टरांना गाठ आणि हे त्यांना विचार.

तब्येतीला जप, मग बाकीचं.
तुझी मावशी

३ जून

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

मधे नुसती खुशाली कळवत राहिले, कारण खात्री होईपर्यंत लिहायचं नव्हतं. आता झाली. तुझा तर्क बरोबर निघाला! शिडीवरचा दिवसही तसलाच होता.

मी गाठलेल्या डॉक्टरबाई बोलायला तुझ्यासारख्या, म्हणजे खडूस आणि प्रेमळ. त्यांनी माझ्या साखर मोजायच्या यंत्रातले आकडे आणि पाळीच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या आणि हसल्याच. आता पाळीआधी इन्सुलिन किती वाढवायचं आणि पाळी सुरू होताच कसं उतरवायचं, ते त्यांनी ठरवून दिलंय. त्या दिवसांत मला गोडाची तलफ येते, हेही मी कबूल केलं. खाणं तोडू नकोस म्हणाल्या. भात थोडा कमी, डाळ, अंडी, भाजी जास्त, म्हणजे साखर सावकाश चढते. कोसळणं थांबलंय. साखर चढते अजून थोडी, पण आता मला ते येताना दिसतं.

फेरतपासणी पंधरा तारखेला. समोर व्यवस्थापक, कारखान्याचे डॉक्टर आणि आमचा फोरमन, ज्याला सगळे भोंगा म्हणतात. तिघेही पुरुष. त्यांच्यासमोर पाळीचं कसं बोलू? वाटतं, तब्येत सुधारली एवढंच सांगावं आणि सुटावं.

तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी खारू

८ जून

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुला एक सांगते, जे तुझ्या आईलाही धड सांगितलेलं नाही.

तुझे काका इन्सुलिन घेतात हे त्यांच्या कचेरीत कोणालाच माहीत नव्हतं. लोक दुबळं समजतील म्हणून ते सांगत नसत. घाम फुटला तर उकडतंय म्हणायचे. एकदा टेबलाशीच कोसळले. लोकांना वाटलं, उष्णतेनं झालं. पाणी शिंपडलं, वारा घातला, माणसं चांगलीच होती. फक्त काय द्यायचं ते ठाऊक नव्हतं. त्या वेळी शिपायाने योगायोगाने गोड चहा पाजला म्हणून उठले. पुढच्या वेळी चहा आला नाही.

लाज वाटली तर वाटू दे. ती घेऊनच आत जा. तू वर असताना खालच्या माणसांना माहीत हवं, एवढंच माझं म्हणणं.

तुझ्यावर माझी सगळी भिस्त आहे.
तुझी मावशी

१६ जून

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

बोलले! सगळं बोलले. पाळी हा शब्द उच्चारल्यावर व्यवस्थापक खिडकीबाहेर असे बघायला लागले, जणू तिथून कोणी हाक मारली. मी थांबले नाही. कारखान्याच्या डॉक्टरांनी डॉक्टरबाईंची चिठ्ठी नीट वाचली, अचूक प्रश्न विचारले आणि म्हणाले की, हे मीच तुला विचारायला हवं होतं. मला ते आवडलं.

मग भोंग्याने जन्मात पहिल्यांदा आवाज खाली घेऊन विचारलं, हे दर महिन्याला मला कळवणार का? मी म्हटलं, हो, तुम्हाला आणि खालून खुणा करणाऱ्यालाही. मी वर गळाठले तर मला खाली कसं घ्यायचं आणि तोंडात काय घालायचं ते तुम्हाला यायला हवं. त्याने विचार केला आणि विचारलं, क्रेनचा आकडा अधांतरी थांबला, तर आधी शिव्या घालू की साखर देऊ? मी म्हटलं, साखर. शिव्या नंतर निवांत घाला.

व्यवस्थापक हसले आणि क्रेन मिळाली. चढण्याआधी आणि मधूनमधून साखर मोजायची, ती ठरलेल्या पातळीखाली असेल तर चढायचं नाही. पाळीच्या पहिल्या दिवसांत मी जमिनीवरच काम करणार. ही अट मीच घातली. सोमवारी वर जाते.

ही तुझीच कमाई आहे, मान्य कर.
तुझी खारू

२२ जून

चि. खारूस,
अ. उ. आ.

कमाई तुझी. मी फक्त पुस्तक उघडलं. तीन पुरुषांसमोर तोंड उघडणं पुस्तकातून येत नाही. आणि क्रेन मिळवायला जाऊन वर स्वतःलाच अट घालणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

तुझं पत्र वाचून भरपूर हसले. मग काहीतरी निराळंच झालं. तुझे काका गेल्यापासून मी रडले, त्या कचेरीतल्या लोकांना मनातल्या मनात बोल लावले, माझ्या नशिबालाही लावले. काल पहिल्यांदा त्यांच्यावरच चिडले. फोटोसमोर उभी राहून विचारलं, अहो, आपल्या खारूला जमलं, तुम्हाला एका माणसाला सांगायला काय झालं होतं? चांगलं खडसावलं. किती वर्षांनी आमचं भांडण झालं. आणि भांडून झाल्यावर मला अशी सपाटून भूक लागली, की उभ्याउभ्याच जेवले.

लोभ तुझ्यावर होताच, आता त्यात आदराची भर पडली आहे. दोन्ही सांभाळून ठेव.
तुझी मावशी