रिकाम्या काडतुसांचा गोठा

२५ नोव्हेंबर

लिहायचं टाळतोय. रोज. गंधालीने ही वही दिली त्याला किती दिवस झाले! "नेमबाजाची रोजनिशी असते, जेफ्री. काय चुकलं, का चुकलं, लिहीत जा." आधी पेन सापडेना. पेन सापडलं तर वही मम्मीने फ्रीजवर ठेवलेली, कॅलेंडरच्या खाली. मग एका मित्राला अलिबागला जायला सोबत हवी होती म्हणून मी अलिबागला. परत आलो तर वहीवर मांजर झोपलेलं. झोपलेल्या मांजराला उठवत नाहीत आमच्याकडे.

आज बसलो, कारण आम्हाला बंदूक शिकवणारे अर्बन अंकल परवा जे बोलले ते डोक्यातून जात नाही. "नवीन वर्षात शेत रसेलला देऊन टाकतो. पुतण्या आहे, मागतोय. लग्नाचं लॉन करेल. चार डोक्यांसाठी किती वर्षं अडवून धरू?"

शेत म्हणजे आमची नेमबाजीची रेंज! गोराईला, खाडीपलीकडे. यंत्रातून नारिंगी मातीची बशी उडते, आपण बारा बोअरच्या बंदुकीने ती हवेत फोडायची. बस, एवढाच खेळ. क्ले म्हणतात. पक्षी नाही मारत आम्ही. हे दर वेळी सांगावं लागतं. म्हणजे सांगावं लागलं असतं, कुणाला सांगितलं असतं तर.

२६ नोव्हेंबर

आज काही नाही. वाकोल्याला केक पोचवला. केकवर नाव चुकीचं होतं. मी नाही लिहिलं, पण शिव्या मलाच.

३० नोव्हेंबर

रेंजवर सभा. सभा म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्या आणि अंकलचा थर्मास.

गंधाली सरळ बोलली. ती अंधेरीत जाहिरातींच्या ऑफिसात आहे, तिचं सगळंच सरळ. "अंकल, लोकांना माहीतच नाही तर येतील कसे? नेटवर पेज काढू. शाळेतल्या पोरांना बोलवू. एक दिवस सगळ्यांसाठी उघडं ठेवू. मेंबर वाढले की शेत द्यायचा प्रश्नच नाही."

अंकल म्हणाले, "आजवर एक तक्रार नाही. का? गप्प बसलो म्हणून. बंदूक म्हटलं की लोक घाबरतात गं."

"लपवलं की संशय येतो."

"संशय बरा. तो घरी बसतो. भीती पोलीस स्टेशनला जाते."

मी हसलो. गंधाली नाही हसली.

मग कुंदाताई. मुलुंडच्या. बँकेत मोठ्या जागेवर आहेत, आणि आमच्यात सगळ्यांत भारी नेम त्यांचा. थर्मासचं झाकण फिरवत म्हणाल्या, "पेज काढा. माझा विरोध नाही. फक्त मग मी येणार नाही."

झालं! उरलेले दोन मेंबर, घाटकोपरचे डॉक्टर, फोनवर म्हणाले, काहीही चालेल. अंकल म्हणतात, "शेत माझं, मी मत दिलं तर ती धमकी होईल." म्हणजे गंधाली एका बाजूला, कुंदाताई दुसऱ्या, आणि मधे मी. वर्षाच्या शेवटच्या रविवारी ठरवायचं. मला मत द्यायला लावणं म्हणजे वाट लागली. मला डोसा साधा की मसाला हे पण ठरवता येत नाही.

३ डिसेंबर

वाटलं होतं विचार करीन. जेट्टीवर जाऊन बसलो विचार करायला. एक बगळा होता. तो एका पायावर किती वेळ उभा राहतो ते बघत बसलो. मग बोटवाल्याचं इंजिन बिघडलं, ते धरायला गेलो. मग जेवण.

पण एक गोष्ट लिहून ठेवतो. मी कुठेच टिकलो नाही. कॉलेज नाही, लग्नातलं साउंडचं काम नाही, कुरिअर नाही. आधी रायफल पण करून बघितली — श्वास रोखून पुतळ्यासारखं उभं राहायचं. माझा पाय हलायचा. तिथले सर वैतागले. मग अंकलनी पहिल्यांदा ही बंदूक हातात दिली आणि म्हणाले, "इथे थांबायचं नाही रे पोरा. बशीबरोबर फिरत राहा. बंदूक थांबली की चुकलास." थांबलं की चुकलं! माझ्यासाठीच काढलाय कुणीतरी हा खेळ. 'पुल' म्हणून ओरडलो की बशी उडते आणि तेवढ्यात डोक्यात काही नसतं. बगळा नाही, इंजिन नाही, काही नाही. असं मला दुसरीकडे कुठेच होत नाही.

ती जागा गेली तर मी काय करू? लॉनवर साउंड लावू?

७ डिसेंबर

बोटीतून परत येताना कुंदाताईंना विचारलंच. एवढं काय आहे पेजमध्ये?

आधी म्हणाल्या, "ऊन किती आहे बघ." मग सांगितलं. त्यांच्या सासूबाईंचा धाकटा भाऊ गोळी लागून गेला. दुकानावर दरोडा पडला होता, फार वर्षांपूर्वी. "आमच्याकडे दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा येत नाही, जेफ्री. मुलाला कधी दिलं नाही."

"मग दर रविवारी घरी काय सांगता?"

त्यांनी खाडीच्या पलीकडे विपश्यनेच्या पॅगोड्याच्या सोनेरी कळसाकडे बोट केलं. "ध्यानाला जाते."

मी एवढा हसलो की बोटवाल्याने वळून बघितलं. त्या पण हसल्या. मग म्हणाल्या, "अगदीच खोटं नाही रे ते. पण सासूबाईंना कळलं ना, तर मी त्यांच्यासमोर उभी नाही राहू शकणार. लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकापासून बँकेच्या परीक्षेपर्यंत त्यांनी हात धरून करून घेतलंय माझ्याकडून."

त्यांचे मिस्टर नंदकिशोर, त्यांना माहीत आहे. ते जेट्टीपर्यंत सोडतात आणि ध्यानाची उशी गाडीत घेऊन परत जातात.

पेज काढलं तर कुंदाताई जाणार. नाही काढलं तर शेत जाणार. हे मी ठरवायचं!

११ डिसेंबर

मत-बित राहू दे. झकास आयडिया आली!

आमच्या गावठाणात नाताळला गोठ्यांची स्पर्धा असते, येशूजन्माच्या देखाव्यांची. क्रुसासमोरचा गोठा आमच्या गल्लीचा, आणि सगळं जोसेफीन आंटीच्या हुकमाने चालतं. आंटी शेजारी राहते, पण आवाजाने आमच्याच घरात राहते. ती ओरडत होती, "यंदा पण थर्माकोल केलंस तर मी बाळ येशूला घरी घेऊन जाईन!"

तर — रिकामी काडतुसं! रेंजवर पोतं भरून पडलेली असतात. अंकलची लाल, गंधालीची हिरवी, कुंदाताईंची पिवळी. बूड पितळेचं, चमचमतं. प्रत्येकात एक बारीक बल्ब घातला की दिव्याची माळ. छोट्या घंटांसारखी दिसेल.

१४ डिसेंबर

आज माझ्या बशा गेल्याच नाहीत, सगळ्या फुटल्या. गंधाली म्हणाली, "लिहून ठेव." ठेवलं.

पोत्यातली निम्मी काडतुसं बॅगेत भरून आणली. अंकल जेवायला गेले होते, विचारायचं राहिलं. कचराच तर आहे.

१९ डिसेंबर

बोटं भाजली सोल्डरिंगने. पण लागले सगळे दिवे! मम्मी येऊन बघत उभी राहिली, हातात नाताळच्या कलकलचं, गोड शंखांचं, पीठ. "हे तू केलंस? पूर्ण केलंस?" पूर्ण या शब्दावर जोर होता. चालेल.

२१ डिसेंबर

माळ लागली. लाल, हिरवी, पिवळी, गोठ्याच्या गवतावर. जोसेफीन आंटी म्हणाली, "किती गोड घंटा रे, कुठून आणल्यास?" आणि माझ्या गालाला हात लावला. आंटीने!

संध्याकाळी स्पर्धावाले आले, त्यांच्यातली वेन्डी मोबाईलवर शूट करत होती. म्हणाली, बोल ना काहीतरी. मी बोललो. मस्त बोललो. कसं बनवलं, बल्ब कुठला, मग ही काडतुसं कशी, क्ले म्हणजे काय, गोराई, बशी कशी फुटते. मग रंग सांगितले — लाल अर्बन अंकलची, हिरवी गंधालीची, आणि ही पिवळी सगळ्यांत सुंदर ती कुंदाताईंची, मुलुंडच्या, बँकेत आहेत, काय नेम आहे यार त्यांचा!

बोलून झाल्यावर आंटीने तळलेले फुगे खाल्ले, आमचे नाताळचे गोल पाव. गरम होते.

२२ डिसेंबर

वाट लागली. वाट लागली. वाट लागली.

व्हिडिओ सगळीकडे. कुणीतरी वर लिहिलं, 'गोळ्यांचा गोठा'. सकाळी उठलो तर क्रुसासमोर गर्दी. एक बाई म्हणत होती, बाळाच्या डोक्यावर बंदुकीच्या गोळ्या टांगल्यात, देवा! दुसरी म्हणाली, रिकाम्या आहेत गं. "रिकाम्या कशा झाल्या ते विचार आधी!"

कॉन्स्टेबल मॅडम आल्या. रागावल्या नाहीत. माळ हातात घेऊन बघितली, म्हणाल्या, "काम चांगलं केलंयस. पण कुणाची?" अंकल गोराईहून धावत आले, प्लास्टिकच्या पिशवीत लायसन्स, परवानगी, सगळे कागद. मॅडमनी वाचले, फोन केला, मग म्हणाल्या, "सगळं परत घेऊन जा, साहेब. इथे नको." आंटीने मॅडमना फुगे बांधून दिले. एवढंच झालं.

अंकल एकेक काडतूस माळेतून सोडवत होते. माझ्याकडे बघितलं नाही. "रेंजवरचं रेंजवर राहतं. रिकामंसुद्धा. सांगितलं होतं ना पहिल्या दिवशी?"

सांगितलं होतं. मला वाटलं, ते भरलेल्याबद्दल आहे.

गोठ्यात अंधार. कुंदाताईंना फोन केला. उचलला नाही.

२४ डिसेंबर

गंधालीचा फोन. मला वाटलं शिव्या घालेल. उलट म्हणाली, "ऐक, लोक विचारतायत! बोरिवलीची एक शाळा, कॉलेजची पोरं, एक तर आजोबा आहेत. कुठे आहे, कसं यायचं? जेफ्री, शेत वाचतंय!"

मी विचारलं, कुंदाताई?

ती म्हणाली, "मला पण उचलत नाहीयेत."

आंटीने गोठ्यात साध्या मेणबत्त्या लावल्या. आणि मला काही बोलली नाही. आंटी बोलत नाही म्हणजे काय ते या गल्लीत राहणाऱ्यालाच कळेल.

२५ डिसेंबर

नाताळ. चर्चमध्ये मिस्सा. नवीन शर्ट. पोटभर जेवलो. पहिलं बक्षीस मागच्या गल्लीला — थर्माकोल!

२६ डिसेंबर

कुंदाताईंचा फोन आला. आवाज नेहमीचाच, बँकेतला.

व्हिडिओ सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला. त्यांनी पूर्ण बघितला. मग मोबाईल खाली ठेवून सुनेला एवढंच म्हणाल्या — "ध्यानाला बसून खांदा निळा पडतो, हे मला कधीच पटलं नव्हतं." बंदुकीचा दणका खांद्यावर उमटतो ना. बस. तेव्हापासून बोलणं बंद. जेवायला येतात, ताट धुतात, खोलीत जातात.

"सॉरी" म्हणालो. अजून काय म्हणणार?

"तू कौतुकच केलंस रे माझं," म्हणाल्या. "तेच तर वाईट वाटतंय. एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं." आणि मग, "रविवारी मी येत नाही. आता कधीच नाही. अंकलना सांग."

अंकलना सांगितलं. ते म्हणाले, "हं." दोनदा म्हणाले.

२७ डिसेंबर

आज कुठे गेलो नाही. खरंच. खोलीतच होतो.

उद्या मत. लिहून बघतो म्हणजे कळेल.

गंधालीचं बरोबर आहे. लोक घाबरले, आणि घाबरून झाल्यावर विचारायला आले. हा खेळ चांगला आहे, तो लपवायची काही गरज नाही. मला शाळेतल्या पोरांना शिकवायला आवडेल पण! माझ्यासारखी हलणारी पोरं असतील की.

अंकलचं पण बरोबर. मी एका व्हिडिओत बोललो आणि एका घरातलं बोलणं बंद झालं. खेळाचं सांगायचं असतं, माणसाचं नाही. माणसाने आपलं आपण सांगायचं. मी कुंदाताईंच्या वतीने सांगून टाकलं, त्यांना न विचारता, फुगे खात.

तर मी उद्या नाही म्हणणार. पेज नाही, शाळा नाही, त्या आजोबांना पण नाही. कुंदाताई स्वतः हो म्हणत नाहीत तोवर. त्या हो म्हणणार नाहीत, मला माहीत आहे. म्हणजे शेत गेलं. म्हणजे लॉन. गंधाली माझ्याशी बोलणार नाही.

ठरवलं. पहिल्यांदाच काहीतरी ठरवलं आणि अजिबात आवडलं नाही.

२८ डिसेंबर

रेंजवरच लिहितोय, शेडमध्ये बसून.

सभा सुरू व्हायची होती. फाटकाशी रिक्षा थांबली. काठी आधी बाहेर आली, मग एक म्हाताऱ्या बाई. एकट्या. बोटीने आल्या, मुलुंडहून! "मी कुंदाची सासू," म्हणाल्या. अंकलनी खुर्ची पुसून दिली. गंधालीने पाणी आणलं, ते त्यांनी हातातच धरलं. शेतातल्या फुटक्या नारिंगी तुकड्यांकडे बराच वेळ बघत बसल्या.

मग मला बोलावलं. "व्हिडिओतला तूच ना? कुंदा घरी आहे. लाव तिला फोन. म्हणावं, मी इथे येऊन बसलेय. ये, बघू दे मला तो नेम."