माझ्या यकृताची व्यवस्था

मी, छापखान्यातला निवृत्त जुळारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिशाची अक्षरे वेचून ओळी जुळवण्यात हयात घालवलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय, खिडकीतल्या उन्हात बसून लिहीत आहे. मधूनमधून डोळा लागतो. त्याला बेशुद्धी समजू नये.

राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका लेकीला.

शालेय कवितांची माझी सगळी पुस्तके इस्पितळाच्या यकृत विभागातल्या बाकांशेजारी ठेवावीत. तिथे वाट फार पाहावी लागते आणि वाचायला औषधांच्या जाहिरातींखेरीज काही नसते.

धाकट्या भावाला त्याच्याच घरातला निळा कप. मला ‘ब’ कावीळ आहे हे कळल्यापासून त्याने तो माझ्यासाठी वेगळा काढला. हा आजार कपातून पसरत नाही, असे माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तोंडावर सांगितले. “नसेलही, पण विषाची परीक्षा कशाला?” म्हणाला. आता त्याने रोज त्यातूनच चहा प्यावा.

आता मुख्य कलम.

आजार होऊच नये म्हणून लस असते, हे मला ठाऊक होते. डॉक्टरीणबाई शोधताहेत ती झालेल्या आजारावरची. वर्षानुवर्षे विषाणू पाहून शरीराचे पहारेकरी थकतात, डुलक्या घेतात; ही लस त्यांना हलवून उठवते. मी लगेच दंड पुढे केला. टोचल्यावर ताप यायचा आणि तापात मी चौथीच्या वर्गात असे. टळटळीत दुपार, अख्खा वर्ग पेंगलेला, आणि गुरुजी कवितेची पहिली ओळ म्हणत दारातून आत येतात. एकेक डोके वर होते, एकेक सूर मिळतो. पोटात असेच काही चालले असेल, असे वाटे.

प्रयोगातल्या निम्म्यांना लस होती, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय, हे टोचणारीलाही ठाऊक नव्हते. “काका, मिठाच्या पाण्यानेही कुणाकुणाला ताप चढतो बरं का!” डॉक्टरीणबाई हसल्या. चढू दे.

माझ्या रक्तातला विषाणू उतरला. यकृतात किती दडून आहे, हे तपासणीसाठी पोटात सुई खुपसून काढलेल्या कणावरून पुरते कळत नाही. म्हणून मृत्यूनंतर काही तासांच्या आत माझे यकृत बर्फाच्या डब्यातून त्यांच्या प्रयोगशाळेला द्यावे.

लेकीला हे मंजूर नाही. “बाबा, जिवंतपणी तुमची चाळण केली त्यांनी. निदान नंतर तरी अख्खे राहा ना!”

बाळा, याच आजाराने तुझी आई गेली. तेव्हा कोणाला उठवायचे, हेच कोणाला माहीत नव्हते. कायदा काही म्हणो, त्या वेळी दारात तू उभी असशील. घराला मी ही अट बांधलेली नाही. नाही म्हणालीस तरी घर तुझेच. सहीखाली जागा सोडली आहे, तिथे तुझे काय ते लिही.

(सही)

साक्षीदार: शेजारचे शिंपीमास्तर (सही), वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाई (सही)
ठिकाण: राहते घर. दिनांक: ९ जून.

लेकीच्या हस्ताक्षरात:
मला पटलेले नाही. अडवणार नाही. पण बर्फाचा डबा नेणाऱ्या गाडीत बाबांशेजारी मी बसणार, हे डॉक्टरीणबाईंना आत्ताच सांगून ठेवा.