क्षमेची घाई

वहिनी,

एका घोर अन्यायाची नोंद करतो. मी नव्हतो त्या सात महिन्यांत कुणीतरी चर्चच्या ऑर्गनपुढचं स्टूल दोन बोटं उंच करून ठेवलंय. गुडघे पट्ट्यांखालच्या फळीला आपटतात. तक्रार केली, तर सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तुम्ही परत आलात, यातच आनंद आहे." आनंदावर बसता येत नाही, वहिनी.

तुमच्या वडिलांच्या अंत्यविधीला मी पिऊन आलो आणि शवपेटी आत येताना लग्नाची धून वाजवली. अशा माणसाला निदान वर्षभर तरी मागच्या बाकावर बसवावं की नाही? मी पाळकसाहेबांना म्हटलं, "पश्चात्ताप केला, दारू सोडली, आता शिक्षा तरी द्या." ते म्हणाले, "दिली की. रविवारी दोन्ही उपासनांना वाजवा." प्रभूने क्षमा केली, मंडळीने केली, दादाने तर पाठ थोपटली. या लोकांपुढे माणसाने मान खाली घालायची तरी कधी?

आणि तुम्ही? "भावोजी, झालं गेलं विसरा," म्हणत माझ्या ताटात वाढत राहिलात. डोळे मात्र ओले होते. म्हणून हे पत्र टाकणार नाही. तुम्ही पुन्हा तेच म्हणाल.

तुमच्या वडिलांनी त्या दिवसासाठी स्वतः निवडलेलं गीत मी आज दुपारी रिकाम्या चर्चमध्ये वाजवलं. चौथ्या कडव्यात बोट घसरलं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाचही कडवी झाली.

तुमचा
धाकटा दीर